तोलेदोत दोघांनी तीन रात्री निवांत राहायचं, तर क्रम असा ठेवा

स्पेनमधल्या तोलेदोहून (आपल्याकडे टोलेडो म्हणतात ते) परतलेल्या ओळखीच्या माणसांना 'कसं होतं?' विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: 'छान आहे, पण पाय मोडले.' मग तपशील कळतो. सकाळच्या गाडीने माद्रिदहून निघाले, भर उन्हात चढ चढले, कॅथीड्रलच्या भोवती दार शोधत फिरले, साडेपाचला जेवायला काही मिळेना म्हणून चिप्स खाल्ले आणि सातच्या गाडीने परत. काही जोडपी हौसेने रात्र काढतात, पण वेळापत्रक तेच धावपळीचं ठेवतात.

इथे निवांतपणा आपोआप मिळत नाही, त्याची तयारी घरी बसून करावी लागते. वार, राहायची जागा, सामान आणि जेवणाच्या वेळा या चार गोष्टी बसल्या की उरलेलं सोपं. खालचा क्रम तीन रात्रींचा आहे. दोन रात्रींत उरकेल, एका रात्रीत नाही.

१. आधी वार ठरवा, मग तारीख

बहुतेक जण उलटं करतात. विमानाचं स्वस्त तिकीट ज्या तारखेचं मिळेल त्यावर तोलेदो बेततात आणि नेमके शनिवारी दुपारी तिथे उतरतात. शुक्रवार-शनिवारी हॉटेलं महाग असतात. माद्रिदची माणसं सुट्टीला येतात, शिवाय शहराजवळच्या 'पुई द्यू फू' या ऐतिहासिक खेळांच्या मोठ्या उद्यानाचे प्रेक्षकही मुक्कामाला इथेच असतात. रविवारी सकाळी कॅथीड्रल प्रार्थनेसाठी राखलेलं असतं, पर्यटकांना दुपारी सोडतात. रविवारी रात्री बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद. सोमवारी एल ग्रेको या चित्रकाराचं संग्रहालय, त्रांसितो सिनेगॉग (ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ) आणि अल्काथार किल्ल्यातलं लष्करी संग्रहालय, तिन्ही बंद.

म्हणून माझं स्पष्ट मत: मंगळवारी दुपारी पोहोचा, शुक्रवारी सकाळी निघा.

महिना एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५च्या वर जातो, कधी चाळिशीला टेकतो, आणि दगडी गल्ल्या रात्री उशिरापर्यंत तापलेल्या राहतात. विदर्भातल्या माणसाला उन्हाचं कौतुक नसेल, पण उन्हात चढ चढणं वेगळं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ येतो. गर्दी कमी असते, पण संध्याकाळी बाहेर बसायची मजा जाते.

*सावध:* ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि कॉर्पस क्रिस्ती हा ख्रिस्ती सण, हे दोन मुहूर्त टाळा. कॉर्पस क्रिस्तीची मिरवणूक इथे गुरुवारी निघते, ईस्टरनंतर बरोबर ६० दिवसांनी. बघण्यासारखी आहेच, पण निवांत राहायला येणाऱ्यांनी त्या दिवसांत येऊ नये.

व्हिसाबद्दल थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवास विमा किमान ३०,००० युरो कव्हरचा हवा. हॉटेलचं बुकिंग रद्द करता येणारंच घ्या. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मंडळींकडे तिथला रहिवासी परवाना असेल, तर हा टप्पा त्यांना नाही.

२. जागा निवडताना चढ बघा

नकाशा सपाट असतो, तोलेदो नाही. शहर टेकडीवर आहे आणि ताहो नदीने त्याला तीन बाजूंनी वळसा घातलाय. 'अमुक ठिकाणापासून ४०० मीटर' हे वाक्य इथे काही सांगत नाही. ते ४०० मीटर वर जाणारे की खाली उतरणारे, हे महत्त्वाचं.

ढोबळमानाने चार पर्याय आहेत.

सोकोदोवेर या गावातल्या मुख्य चौकाजवळ राहिलात तर बस, टॅक्सी, खाणंपिणं सगळं दाराशी. पण चौकात रात्री उशिरापर्यंत माणसं बसलेली असतात आणि आवाज वर येतो. झोप हलकी असेल तर चौकाकडे तोंड असलेली खोली घेऊ नका.

जुनी ज्यू वस्ती, म्हणजे सांतो तोमे चर्च ते सान मार्तिन पूल हा पश्चिमेचा भाग. दिवसा इथे गर्दी उसळते, संध्याकाळी सहानंतर ओसरते आणि रात्री गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. दोघांसाठी हीच जागा उत्तम. इथल्या काही जुन्या घरांची हॉटेलं झाली आहेत. आत चौक, भोवती खोल्या, वर आकाश. आपल्या वाड्यांत वाढलेल्याला ते घर लगेच ओळखीचं वाटतं.

बिसाग्रा वेशीबाहेर, तटाच्या खाली, हॉटेलं स्वस्त असतात. पण प्रत्येक वेळी वर चढायचं. सरकते जिने आहेत, एक रेकारेदो भागातून, एक साफोंतच्या बाजूने, आणि ते फार सोयीचे आहेत. मात्र ते रात्रभर चालू नसतात. उशिरा जेवून परतणार असाल तर त्यांची वेळ आधी बघून ठेवा.

चौथा पर्याय नदीपलीकडच्या टेकडीवरचा पारादोर, म्हणजे सरकारी हॉटेल. तिथून दिसणारं शहर बघून भले भले भुलतात. पण तिथे राहिलं की प्रत्येक फेरीला टॅक्सी किंवा बस. दुपारी परत येऊन तासभर पडायचं, पुन्हा बाहेर पडायचं, हा या सगळ्या मुक्कामाचा कणा आहे, आणि तो तिथे जमत नाही. देखावा हवाच असेल तर तिथल्या गच्चीवर एक संध्याकाळ कॉफी प्या आणि राहायला गावात या.

*बुकिंग करण्याआधी तपासा:* लिफ्ट आहे का (जुन्या घरांत पुष्कळदा नसते), एसी की नुसता पंखा, टॅक्सी दारापर्यंत येते का. शेवटचा प्रश्न हॉटेलला ईमेलने विचाराच. काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाडी आत शिरतच नाही.

हॉटेलात पासपोर्टबरोबर घरचा पत्ता, फोन, ईमेल, पैसे कशाने भरले असं बरंच काही विचारतात. स्पेनमध्ये पाहुण्यांची नोंद ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यावर वाद घालून पहिल्या दिवसाचा मूड घालवू नका.

भाड्याची गाडी घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. जुन्या भागातल्या बऱ्याच रस्त्यांवर फक्त रहिवाशांच्या गाड्यांना परवानगी आहे, आणि गाडी शेवटी बाहेरच लावावी लागते.

३. मोठी बॅग माद्रिदला सोडा

हा टप्पा लोक वाचतात आणि विसरतात. आम्हीही पहिल्या खेपेला दोन मोठ्या ट्रॉली बॅगा घेऊन गेलो होतो. गोट्यांच्या रस्त्यावर तिसऱ्याच वळणाला एकीचं चाक निखळलं आणि पुढची सगळी चढण ती बॅग हातात उचलून न्यावी लागली. पोहोचल्यावर दोघंही तासभर एकमेकांशी बोललो नाही.

तीन रात्रींसाठी प्रत्येकी एक पाठीवरची पिशवी पुरते. मोठं सामान माद्रिदच्या हॉटेलात ठेवायला सांगा (परत तिथेच राहणार असाल तर बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात), नाहीतर आतोचा स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे.

पिशवीत काय हवं? रबरी, जाड तळव्याचे आणि आधी महिनाभर वापरलेले बूट. नवे बूट नकोत, सपाट चपला नकोत. शतकानुशतकांच्या पावलांनी इथले दगड गुळगुळीत झालेत, आणि पाऊस पडला की घसरतात. मे महिन्यातही संध्याकाळसाठी एक पातळ स्वेटर. पाण्याची बाटली. इथलं नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे आणि स्पेनमध्ये २०२२च्या कायद्यानुसार हॉटेल-बारमध्ये नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा.

४. माद्रिदहून तोलेदो

विमानतळावरून आतोचाला पिवळी एक्सप्रेस बस जाते. ती चोवीस तास असते, पण रात्रीच्या फेऱ्या आतोचापर्यंत न जाता सिबेलेसपाशी संपतात.

आतोचाहून तोलेदोला 'अवांत' ही वेगवान गाडी साधारण अर्ध्या तासात पोहोचवते. प्लाथा एलिप्तिका इथून बसही आहे. तिला तासाभराहून जास्त लागतो, पण ऐन वेळी गाडी भरलेली निघाली तर तीच कामी येते.

क्रम असा:

अ) तिकीट आठवडाभर तरी आधी काढा. सकाळच्या गाड्या एका दिवसाच्या प्रवाशांनी भरतात. तुम्हाला ती गाडी नकोच आहे; दुपारी दोन-तीनच्या सुमाराची घ्या. रेल्वेच्या संकेतस्थळावर आपलं भारतीय कार्ड चाललं नाही तर दुसरं कार्ड वापरून बघा, किंवा स्टेशनवर पोहोचल्याबरोबर खिडकीवर काढा.

आ) आतोचा म्हणजे एकाला लागून दोन स्टेशनं आहेत. लोकलचं वेगळं आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचं 'पुएर्ता दे आतोचा' वेगळं. तुम्हाला दुसरं हवं.

इ) अर्धा तास आधी पोहोचा. सामान यंत्रातून तपासतात आणि गाडी सुटायच्या थोडं आधी फलाटाचं दार बंद होतं. आपल्याकडची धावत जाऊन डब्यात चढायची सवय इथे चालत नाही.

*सावध:* भारतातून येणारं विमान उतरल्यापासून गाडीपर्यंत निदान ४ तास ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नसतो. शक्य असेल तर पहिली रात्र माद्रिदलाच काढा.

तोलेदो स्टेशनवर उतरल्यावर टॅक्सी घ्या. चालत अल्कांतारा पुलावरून वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तो रस्ता सुंदर आहे, पण तो दुसऱ्या दिवशी, हात मोकळे असताना. पाच-दहा युरो वाचवायला पहिलीच संध्याकाळ दमून घालवण्यात अर्थ नाही.

५. पहिली संध्याकाळ: एकही तिकीट काढू नका

खोलीत जा, आंघोळ करा, झोपा. सहाला बाहेर पडा.

या वेळी दिवसभराचे प्रवासी स्टेशनकडे उतरत असतात आणि तुम्ही वर चढत असता. कुठे जायचं ते ठरवू नका, पण दोन गोष्टी करा. एक, हॉटेलपासून सोकोदोवेरपर्यंतचा रस्ता जाता-येता एकदा पायाखालून घाला. उंच भिंतींच्या मध्ये फोनचा नकाशा भरकटतो. तो तुम्हाला शेजारच्या गल्लीत उभं करतो आणि दोन गल्ल्यांमध्ये तीन मजल्यांची उंची असते. खुणा लक्षात ठेवा: कॅथीड्रलचा मनोरा, अल्काथारचे चार बुरूज. दोन, उद्या सकाळच्या कॉफीची जागा हेरून ठेवा.

६. दिवस कसा आखायचा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

माद्रिदच्या गाड्या आणि बसचे गट साधारण साडेदहापासून चारपर्यंत गावात असतात. तुमचा दिवस त्यांच्या उलट हवा. सकाळी एक ठिकाण, उशिरा दुपारचं जेवण, मग वामकुक्षी, संध्याकाळी दुसरं ठिकाण किंवा नुसतं फिरणं. बरीच दुकानं दोन ते पाच बंद असतात. पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. दिवसाला दोन ठिकाणं, तिसरं नाही.

*बुधवार.* दहाला सांतो तोमे उघडतं, तेव्हा दारात हजर राहा. एल ग्रेकोने १५८६ ते १५८८मध्ये रंगवलेलं 'काउंट ओर्गाथचं दफन' इथे आहे. जागा एका खोलीएवढीच. अकरानंतर गट शिरले की चित्राच्या खालच्या अर्ध्या भागाऐवजी डोकी दिसतात. पहिली वीस मिनिटं मात्र तुमची असतात. वर स्वर्ग, खाली सरदारांचे चेहरे, आणि त्यातले दोघंच थेट आपल्याकडे बघतात, ते शोधा. फोटो काढू देत नाहीत.

सांतो तोमेच्या खिडकीवरच मनगटी पट्टी मिळते, तिला 'पुल्सेरा' म्हणतात. सांता मारिया ला ब्लांका, सान हुआन दे लोस रेयेस, क्रिस्तो दे ला लुथ मशीद यांसह सात ठिकाणं तिच्यात येतात. सुट्या तिकिटांपेक्षा चार ठिकाणांच्या पुढे ती परवडते.

*सावध:* रात्री झोपताना पट्टी काढली की ती बाद. मनगटावर सैलसर बांधून घ्या. कॅथीड्रल आणि सरकारी संग्रहालयं तिच्यात नाहीत. 'सगळं यात आहे' असं समजून बरेच जण कॅथीड्रलच्या दारात वाद घालतात.

संध्याकाळी सान हुआन दे लोस रेयेसच्या मठातल्या दुमजली ओवऱ्यांत बसा. तिथून सान मार्तिन पूल खाली पाच मिनिटांवर आहे.

*गुरुवार.* कॅथीड्रलला दुपारी चारच्या सुमाराला जा. सकाळी नको. साधारण साडेसहाला बंद होतं, म्हणजे अडीच तास मिळतात आणि गटांची गर्दी पातळ झालेली असते. नगरपालिकेच्या चौकातल्या भव्य दारासमोर ताटकळू नका; पर्यटकांचा प्रवेश दक्षिणेच्या 'पुएर्ता याना'तून आहे. आत क्रम असा ठेवा: आधी मुख्य वेदीच्या मागचं 'त्रान्स्पारेंते' हे संगमरवरी शिल्पकाम. १७३२मध्ये पुरं झालेल्या या कामासाठी वरच्या छताला भोक पाडून उजेड आत आणलाय, तेव्हा ऊन असतानाच ते बघायला हवं. मग सॅक्रिस्टीतली (पाद्र्यांच्या तयारीच्या दालनातली) चित्रं. गायकांच्या कोरीव आसनांसाठी शेवटी वेळ ठेवा. खांदे झाकलेले असावेत.

सकाळ मोकळी आहे. तिथे त्रांसितो सिनेगॉग ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका. आम्ही दुसऱ्या खेपेला गुरुवारची सकाळ एका छोट्या चौकात दोन कॉफ्या आणि एका वर्तमानपत्रावर काढली, आणि आजही तोलेदो म्हटलं की आम्हाला दोघांना तीच सकाळ आठवते.

*एक संध्याकाळ मिरादोर देल वायेसाठी.* नदीपलीकडून सगळं शहर समोर दिसतं ती ही जागा. सूर्यास्ताच्या तासभर आधी सान मार्तिन पुलावरून चालत निघालात तर पाऊण तासात पोहोचता. ऊन उतरलं की लगेच पाठ फिरवू नका. अंधार पडून शहरातले दिवे लागेपर्यंत थांबा. परतीसाठी टॅक्सीचा नंबर हॉटेलातून आधीच घेऊन ठेवा, वर उभी टॅक्सी मिळेलच असं नाही.

रात्रीच्या जेवणानंतर सांतो दोमिंगो एल रेआलच्या बाजूच्या झाकलेल्या बोळांतून फिरा. त्यांना 'कोबेर्तीथो' म्हणतात. वर दोन मठांना जोडणारं बांधकाम, खाली दिव्याच्या उजेडातली वाट.

७. जेवण: घड्याळ आणि शाकाहार

दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असतं. साडेसातला जेवायची सवय असेल तर सहाला टॉर्तिया (बटाट्याचं जाड ऑम्लेट) किंवा मान्चेगो चीज-पाव खाऊन घ्या आणि साडेनऊला बसा. दुपारी 'मेनू देल दिआ' घ्या: दोन पदार्थ, गोड किंवा कॉफी, पाव आणि पेय एका ठरलेल्या किमतीत. तो मुख्यतः कामाच्या दिवशीच असतो, मंगळवार ते शुक्रवार निवडायचं हेही एक कारण.

मांसाहारी असाल तर कार्कामूसास (डुकराच्या मांसाचा टोमॅटो-मटारमधला रस्सा) आणि शिजवलेला तित्तिर ही इथली खासियत.

शाकाहाऱ्यांनी मात्र नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नये. हामोन, म्हणजे सुकवलेलं डुकराचं मांस, अनेकांच्या लेखी 'मांसा'त मोडतच नाही. एका दमात सगळं सांगा: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन अतून.' मांस नको, हामोन नको, मासे नकोत, ट्यूना नको. ट्यूना वेगळा सांगायचा, कारण साध्या सॅलडवरही तो येतो. अंडं नको असेल तर 'सिन वेवो'.

फसवणारे पदार्थ: गास्पाचो मान्चेगो (थंड टोमॅटो सूप नव्हे, हा शिकारीच्या मांसाचा गरम रस्सा आहे), मिगास (पावाच्या चुऱ्याचा पदार्थ), सोपा कास्तेयाना (लसणाचं सूप), मसूर, क्रोकेतास (तळलेले छोटे वडे); या चारींत बरेचदा डुकराचं मांस असतं. पेयाबरोबर फुकट येणाऱ्या छोट्या बशीतही मांस असू शकतं, ऑर्डर देतानाच सांगा.

बिनधास्त मागवा: पिस्तो मान्चेगो (भोपळी मिरची, टोमॅटो, झुकिनीची मऊ शिजवलेली भाजी; वर अंडं येतं, नको असेल तर सांगा), आसादियो म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांचं सॅलड. मान्चेगो चीज बनवताना बहुतेकदा प्राणिज रेनेट वापरतात, कडक शाकाहारी असाल तर ते टाळा.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. 'ला क्वेंता, पोर फावोर' म्हणेपर्यंत तुम्हाला कोणी उठवणार नाही. वेटर दुर्लक्ष करतोय असं समजून चिडू नका, बसा.

८. दोघांची चाल एक नसते

एकाला प्रत्येक खांबाखालची पाटी वाचायची असते, दुसऱ्याला वीस मिनिटांत बाहेर यायचं असतं. तीन दिवसांत याचं भांडण होतंच. रोज तास-दोन तास वेगळे घालवायचं आधीच ठरवा. भेटायची जागा एकच ठेवा, सोकोदोवेरमधली घड्याळ असलेली कमान, आर्को दे ला सांग्रे. 'त्या चर्चपाशी भेटू' म्हणू नका. प्रत्येक वळणावर चर्च आहे.

गुडघे दुखणाऱ्याचा वेग हा दोघांचा वेग. उतार चढापेक्षा जास्त त्रास देतो. खाली जायलाही सरकता जिना किंवा बस घ्या.

९. खरेदी आणि निघायचा दिवस

खरेदी गुरुवारी संध्याकाळी उरका, शुक्रवारी सकाळी दुकानं उघडायची वाट बघत बसू नका.

माथापान, म्हणजे बदाम-साखरेचा मार्झिपान, इथला नावाजलेला. ईस्टरला गोव्या-मुंबईच्या बेकऱ्यांत मिळणारा बरेचदा काजूचा असतो, हा बदामाचा आणि चवीला जास्त गडद. साधा घ्या, आत पिवळं सारण असलेल्यात अंड्याचा बलक असतो, आणि वरच्या तकाकीसाठीही अंडं लावतात. घरी कडक शाकाहारी मंडळी असतील तर 'तिएने वेवो?' विचारून मगच घ्या.

पोलादावर सोन्याची तार बसवलेले दागिने घ्यायचे तर कारागीर समोर काम करत असलेलं दुकान शोधा आणि हातकामाचं की यंत्राचं, ते स्पष्ट विचारा. किमतीत पुष्कळ फरक असतो. तलवारी, सुऱ्या, कागद कापायची पातीसुद्धा केबिन बॅगेत चालत नाहीत, आणि तलवार भारतात आणताना कस्टममध्ये अडचण येऊ शकते. ती दुकानातच ठेवा.

शुक्रवारी नाश्ता करून खोली सोडा आणि पिशवी पाठीवर टाकून या खेपेला चालतच उतरा: सोकोदोवेरची कमान, तिच्याखालच्या पायऱ्या, अल्कांतारा पूल, स्टेशन. साडेदहाच्या सुमाराला पुलावर समोरून गट चढत येताना दिसतील. त्यांना वाट द्या, पुलाच्या कठड्याशी पाच मिनिटं थांबा आणि मग गाडी गाठा.